मोठी अक्षरे, लहान अक्षरे आणि नावांची यादी : एक प्रतिवाद

संगणकावर नावांची यादी आली, की तिच्यातील प्रत्येक नाव प्रथम मोठ्या, म्हणजे कॅपिटल, अक्षरांत करून घ्यावे, ते तसेच जुन्या नावाच्या जागी ठेवून द्यावे आणि मगच शोध, तुलना, क्रमवारी इत्यादी पुढील व्यवहारास लागावे, असा उपदेश आमच्या पारोळ्यात आणि खानदेशातील इतर तालुक्यांच्या गावी प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या मुलांना आरंभीच्या धड्यांतच केला जातो. आमच्या परिचयाच्या एका अध्यापकांनी, ज्यांच्या परिश्रमांविषयी आणि विद्यार्थ्यांवरील मायेविषयी आमच्या मनात निखळ आदर आहे, या उपदेशास अलीकडे नियमाचे स्वरूप देऊन तो आपल्या टिपणांत समाविष्ट केला. त्यांचे म्हणणे असे, की मोठ्या-लहान अक्षरांनी शब्दाचे केवळ रूप बदलते, अर्थ बदलत नाही; यादी एकरूप झाली की दुबार नोंदी आपोआप नाहीशा होतात; सरकारी अर्जांवरही मोठ्याच अक्षरांची मागणी असते; आणि हे सारे कार्य अ‍ॅरेवर एका ओळीत उरकते. या विधानांपैकी एकही निखालस खोटे नाही, प्रत्येकात सत्याचा काही अंश आहे, आणि त्या अंशामुळेच हा नियम वर्गाबाहेर पडून कचेऱ्यांच्या, पतपेढ्यांच्या व शाळांच्या दप्तरांत शिरतो. म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे आम्हांस कर्तव्य वाटते. आमचे म्हणणे एकच आहे : अक्षरांचे रूप बदलावयाचे असेल तर ते तुलनेसाठी काढलेल्या नकलेचे बदलावे, अस्सल नोंदीस हात लावू नये.

नियमाच्या मुळाशी असलेली अडचण खरी आहे, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. संगणकास अक्षर दिसत नाही, क्रमांक दिसतो. आणि अमेरिकेत सिद्ध झालेल्या ज्या आस्की संकेतावर पुढील बहुतेक संकेतांची उभारणी झाली, त्यात मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आणि लहान ‘ए’चा ९७ असल्यामुळे, एका कारकुनाने कॅप्स लॉक लावून टाइप केलेले ‘पाटील’ आणि दुसऱ्याने लहान अक्षरांत टाइप केलेले ‘पाटील’ ही यंत्राच्या लेखी दोन निरनिराळी नावे ठरतात. आणि यादी क्रमाने लावू गेल्यास मोठ्या अक्षरांनी आरंभ होणारी सर्व नावे, ९० क्रमांकाच्या ‘झेड’पर्यंतची, लहान ‘ए’च्या आधी जाऊन बसतात. या संकेताच्या १९६३ सालच्या पहिल्या आवृत्तीत लहान अक्षरांना स्थानच नव्हते. १९६७ च्या सुधारणेत ती आली, आणि अशा बेताने आली, की प्रत्येक जोडीत नेमका ३२ चा फरक राहावा, म्हणजे एकच बिट उलटवून मोठ्याचे लहान आणि लहानाचे मोठे करता यावे. इंग्रजी लिहिणाऱ्यांनी इंग्रजीपुरती केलेली ही सोय चांगलीच होती. परंतु एका भाषेच्या सोयीस अखिल लेखनाचा स्वभावधर्म मानणे हा निराळाच प्रकार आहे, आणि आमच्या अध्यापक मित्रांच्या नियमात तोच घडला आहे.

जेथे अक्षरे ही नाव नसून निव्वळ खूण असतात, तेथे हा नियम आम्हांसही मान्य आहे. बँकेच्या शाखेचा ११ अक्षरांचा आयएफएस कोड, आयकर खात्याचा १० अक्षरांचा पॅन, जळगावच्या मोटारींच्या पाटीवरील ‘एमएच १९’ किंवा धुळ्याच्या मोटारींवरील ‘एमएच १८’, या सर्वांत कोणती अक्षरे यावयाची हे खूण ठरविणाऱ्यानेच आधी मर्यादित केले आहे, आणि ती मोठीच असावयाची हेही त्यानेच सांगून ठेवले आहे; अशा खुणांचा अ‍ॅरे मोठ्या अक्षरांत करून ठेवला तर काही हरवत नाही, कारण हरवण्यासारखे तेथे काही नव्हतेच. नावाचे तसे नाही. नाव ज्याचे त्याने दिलेले असते आणि ते कसे लिहावे यावर यादी करणाऱ्याचा अधिकार चालत नाही.

आता ‘रूप बदलते, अर्थ बदलत नाही’ हे पहिले विधान घेऊ. आणि ते तपासण्यास आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि कित्येक टंकलेखन केंद्रांत, छापखान्यांत व कचेऱ्यांत त्यानंतरही, नागरी मजकूर ‘कृतिदेव’सारख्या फाँटात लिहिला गेला. या फाँटात लिहिलेल्या मजकुरात संगणकाच्या स्मरणात देवनागरी अक्षर नसतेच. तेथे असते ते रोमन अक्षर, आणि त्याच्या जागी फाँट देवनागरीची आकृती उमटवितो. कृतिदेव ०१० मध्ये, रेमिंग्टनच्या टंकयंत्राच्या कळफलकास अनुसरून, लहान ‘डी’ म्हणजे ‘क’ आणि मोठा ‘डी’ म्हणजे अर्धा ‘क्’. लहान ‘वाय’ म्हणजे ‘ल’ आणि मोठा ‘वाय’ म्हणजे ‘ल्’. लहान ‘के’ म्हणजे काना आणि मोठा ‘के’ म्हणजे ‘ज्ञ’. लहान ‘जी’ म्हणजे ‘ह’ आणि मोठा ‘जी’ म्हणजे ‘ळ’. इंग्रजीत जी दोन रूपे एका अक्षराची, तीच येथे दोन सर्वस्वी भिन्न वर्णांची आहेत.

या फाँटात लिहिलेल्या पाच गावांचा एक अ‍ॅरे घ्या : जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा. खानदेशातील या पाचही नावांत ‘ळ’ आहे. आता या अ‍ॅरेवर, घटकागणिक, सर्व अक्षरे लहान करण्याची ती एक ओळ चालवा. प्रत्येक नावातील इतर अक्षरे आधीच लहान असल्यामुळे ती जशीच्या तशी राहतात, एकटा मोठा ‘जी’ लहान होतो, आणि पडद्यावर येते ते असे : जहगाव, धुहे, अमहनेर, चाहीसगाव, पारोहा. नियमाची दुसरी शाखा, म्हणजे सर्व अक्षरे मोठी करण्याची, चालविली तर ‘पारोळा’ या शब्दाच्या जागी अर्धा ‘प्’, मग ‘ज्ञ’, ‘श्र’, पुन्हा ‘ज्ञ’, दोन मात्रा, ‘ळ’ आणि शेवटी आणखी एक ‘ज्ञ’ अशी रांग उमटते, जिचा उच्चारही करता येणार नाही. अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो. पण तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेने केलेला, नियमबद्ध आणि बोलीचे वैभव असलेला बदल आहे. यंत्राने ‘ळ’चा ‘ह’ केला त्यास कोणत्याही बोलीचा आधार नाही.

यावर असे म्हटले जाईल, की असला घोटाळा पाहताक्षणी ध्यानात येतो आणि दुरुस्त करता येतो. दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. पिकांच्या किंवा जमिनीच्या वर्णनांच्या यादीत ‘काळी जमीन’ असे शब्द असतील, आणि कापसाच्या या प्रदेशात ते असणारच, तर त्याच एका ओळीने त्यांचे ‘काही जमीन’ होते. ‘काही’ हा शुद्ध मराठी शब्द आहे, वाक्यात तो बसतो, शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही साधनास तो खटकत नाही आणि घाईत वाचणाऱ्या माणसासही खटकत नाही. ‘पाळा’चे ‘पाहा’ होते, तेही तसेच निर्वेध पुढे जाते. आणि दुरुस्तीविषयी म्हणाल, तर एकदा दोन्ही ‘जी’ लहान झाल्यावर यादीत कोणता ‘ह’ मूळचा आणि कोणता ‘ळ’चा झालेला, हे सांगणारे चिन्ह त्या यादीत कोठेही शिल्लक राहत नाही. अनेकांचे एक करणारी क्रिया उलटी फिरवता येत नाही, हा गणिताचा साधा सिद्धान्त आहे, आणि तो कोणत्याही सफाईदार प्रोग्रॅमने टळत नाही.

कृतिदेवातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे जे परिवर्तक सर्वत्र वापरले जातात, त्यांची रचना येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण ती अ‍ॅरेचीच आहे. दोन अ‍ॅरे समोरासमोर ठेवलेले असतात. पहिल्यात फाँटाची रोमन चिन्हे, दुसऱ्यात त्याच क्रमाने त्यांची नागरी अक्षरे. आणि प्रोग्रॅम पहिल्यातील एकेक चिन्ह मजकुरात शोधून त्याच्या जागी दुसऱ्यातील प्रतिरूप ठेवीत जातो. पहिल्या अ‍ॅरेत ‘वाय’ दोनदा येतो, एकदा लहान ‘ल’साठी आणि एकदा मोठा ‘ल्’साठी, आणि त्यानंतर लगेच ‘ळ’साठी मोठा ‘जी’ येतो. ज्या विद्यार्थ्याच्या हातास ‘अ‍ॅरे आला की आधी एकरूप करावा’ ही सवय जडली आहे, तो या पहिल्या अ‍ॅरेवरही तीच ओळ चालविणार. मग दोन ‘वाय’ एक होतात आणि यादीत आधी येणारा जिंकतो, दुसऱ्याची पाळी कधी येतच नाही. परिवर्तक चालू राहतो, कोणताही दोष कळवीत नाही, आणि जोडाक्षरे नाहीशी होत जातात.

हे केवळ फाँटापुरते आहे असेही नाही. संस्कृत, मराठी आदी भाषा रोमन कळफलकावरून लिहिण्यासाठी अविनाश चोपडे यांनी सिद्ध केलेल्या ‘आयट्रान्स’ पद्धतीत लहान ‘टी’ने ‘त’ आणि मोठ्या ‘टी’ने ‘ट’, लहान ‘एन’ने ‘न’ आणि मोठ्या ‘एन’ने ‘ण’, लहान ‘एल’ने ‘ल’ आणि मोठ्या ‘एल’ने ‘ळ’ लिहितात. मोठा ‘ए’ दीर्घ ‘आ’ दाखवितो. या पद्धतीने लिहिलेला ‘पारोळा’ लहान अक्षरांत केला, की ‘परोल’ होतो आणि ‘काळी’ची ‘कलि’ होते. कानपूरच्या आयआयटीत रूढ झालेल्या आणि भारतीय भाषांवरील संगणकीय संशोधनात बराच काळ वापरात असलेल्या ‘डब्ल्यूएक्स’ पद्धतीत तर मोठे अक्षर हे महाप्राणाचे चिन्ह आहे : लहान ‘के’ म्हणजे ‘क’, मोठा ‘के’ म्हणजे ‘ख’. ज्या पंडितांनी या पद्धती घडविल्या त्यांना ठाऊक होते, की नागरीतील वर्ण रोमन अक्षरांहून अधिक आहेत आणि मोठ्या-लहान रूपांतील भेद हे हाताशी असलेले एक मूल्यवान साधन आहे. तो भेद पुसणे म्हणजे ते साधन वापरणाऱ्याच्या हातातून काढून घेणे.

‘हे सारे जुने झाले, आता सर्वत्र युनिकोड आहे, देवनागरीत मोठे-लहान हा भेदच नाही, तेव्हा ती ओळ चालविली काय आणि न चालविली काय, देवनागरीस काही होत नाही,’ असा यावर युक्तिवाद होतो. तो आम्ही लक्षपूर्वक तपासला आहे. युनिकोडच्या कोष्टकात नागरी अक्षरांना मोठे-लहान जोडीदार नाहीत, हे खरे. आणि कोष्टकास अनुसरून चालणारी आजची साधने नागरीस हात लावीत नाहीत, हेही खरे. परंतु कोष्टकास न पाहता, एकेक बाइट उचलून त्याचे रूप बदलणारी साधनेही दीर्घकाळ वापरात होती, आणि त्यांवर लिहिलेले प्रोग्रॅम अजून चालू आहेत. यूटीएफ-८ मध्ये ‘प’ हे अक्षर २२४, १६४ आणि १७० अशा तीन बाइटांनी लिहिले जाते, आणि मराठीतल्या प्रत्येक वर्णाचा आरंभ २२४ नेच होतो. पश्चिम युरोपच्या लॅटिन-१ संकेतात हाच २२४ म्हणजे डोक्यावर आघातचिन्ह असलेला लहान ‘ए’. त्याचे मोठे रूप १९२, पुन्हा तोच ३२ चा फरक. पीएचपी भाषेतील मोठी अक्षरे करणारे फंक्शन ८.२ या आवृत्तीपर्यंत संगणकाच्या लोकेलवर, म्हणजे त्यावर ठरविलेल्या भाषा-प्रदेशाच्या संकेतावर, विसंबून होते. लोकेल लॅटिन-१ चे असले, की ते प्रत्येक नागरी अक्षराचा पहिला बाइट २२४ वरून १९२ वर आणते. आणि १९२ हा बाइट तर शुद्ध यूटीएफ-८ मध्ये कधीच येऊ शकत नाही. म्हणजे ज्या लिपीत मोठे-लहान हा भेदच नाही, तिचे प्रत्येक अक्षर मोठे करण्याच्या प्रयत्नात मोडून पडते, आणि त्या जागी प्रश्नचिन्हांच्या चौकटी उरतात. पारोळ्यात किंवा एरंडोलात एखाद्या संस्थेच्या जुन्या संगणकावर सभासदांची रोमन व नागरी अशी मिश्र नावे असलेली यादी असेल, तर ‘काही होत नाही’ या आश्वासनावर ती ओळ चालविण्यापूर्वी दहा वेळा विचार केला पाहिजे.

आणि आपली मुले केवळ पारोळ्याच्या याद्या करणार आहेत काय? येथून जवळच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून जी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो या नावाने सॉफ्टवेअरच्या व्यवसायात जगभर गेली. आणि खानदेशातील मुलेही आज पुण्याच्या, बंगळुरूच्या कंपन्यांत बसून तुर्की बँकांचे, जर्मन रेल्वेचे, ग्रीक रुग्णालयांचे प्रोग्रॅम लिहितात. १९२८ च्या लिपिसुधारणेनंतर तुर्की भाषेत ‘आय’ दोन आहेत, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा, आणि दोहोंना आपापले मोठे रूप आहे; टिंबाच्या लहान ‘आय’चे मोठे रूपही टिंबाचेच राहते. म्हणून तुर्की लोकेल असलेल्या यंत्रावर इंग्रजीतील मोठा ‘आय’ लहान केला, की तो बिनटिंबाचा होतो आणि इंग्रजी यंत्रावर तयार झालेल्या यादीतील शब्दाशी त्याचा मेळ बसत नाही. जर्मन भाषेत रस्ता या अर्थाचा सहा अक्षरी शब्द मोठ्या अक्षरांत केला, की सात अक्षरी होतो, कारण त्यातील एका विशिष्ट ‘एस’चे मोठे रूप दोन ‘एस’ मिळून लिहिण्याची रूढी होती; त्या अक्षरास स्वतःचे मोठे रूप युनिकोडात २००८ मध्ये मिळाले आणि जर्मन लेखननियमांत २०१७ मध्ये, तरी प्रोग्रॅमिंगच्या भाषा अद्याप दोन ‘एस’च देतात. ज्या प्रोग्रॅमने शब्दातील अक्षरांची स्थाने दुसऱ्या अ‍ॅरेत मोजून ठेवली असतील, त्याची सर्व मोजणी तेथपासून चुकते. ग्रीक ‘सिग्मा’ शब्दाच्या शेवटी निराळे रूप घेतो, आणि मोठ्या रूपात तो भेद लोपतो.

जॉर्जियन लिपीचे उदाहरण तर याहूनही विचारप्रवर्तक आहे. २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत युनिकोडने तिची ‘मतावरुली’ ही मोठी अक्षरे प्रथमच कोष्टकात घेतली. ज्या प्रोग्रॅमचा एक वर्णही बदलला नव्हता, तो कोष्टक नवे येताच जॉर्जियन मजकुरावर निराळे उत्तर देऊ लागला, आणि ज्या यंत्रांवर नव्या अक्षरांचा फाँट नव्हता तेथे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसू लागले. आज साठविलेले रूप आणि पुढील वर्षी काढलेले रूप एकच असेल, याची शाश्वती रूपांतराच्या क्रियेतच नाही. तुलनेची नकल पुढील वर्षी नव्याने काढता येते. अस्सलच बदलून ठेवले असेल तर कशावरून काढावयाची?

नावे सोडून मोजमापांकडे वळले तरी तेच. लहान ‘एम’ आणि मोठा ‘डब्ल्यू’ म्हणजे मिलिवॅट, दोन्ही मोठे म्हणजे मेगावॅट. दोहोंत एक अब्जाचा पट आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, आणि हातातल्या लहानशा संवेदकास मिलिवॅटमध्ये मोजतात. दोहोंच्या नोंदी एका अ‍ॅरेत आल्या आणि एकके मोठी करून टाकली, तर कागदावर दोन्ही समान दिसतील. रसायनशास्त्रात मोठा ‘सी’ आणि लहान ‘ओ’ म्हणजे कोबाल्ट हा धातू, दोन्ही मोठे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. रूप बदलले की अर्थ बदलतो, याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

‘एका ओळीत होते’ या विधानावर आम्ही फार थांबणार नाही, पण ती ओळही पुष्कळदा शिकविली जाते तशी चालत नाही, हे सांगितलेच पाहिजे. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग अपरिवर्तनीय असते. म्हणून ‘फॉर-ईच’ने अ‍ॅरेतील प्रत्येक नावावर ‘टू-अपर-केस’ हाक मारली, तरी नवे नाव तयार होऊन तेथेच टाकून दिले जाते आणि अ‍ॅरे जसाच्या तसा राहतो. ‘मॅप’ वापरला तर नवा अ‍ॅरे हाती येतो आणि जुना अबाधित राहतो. आमच्या मते हा ‘मॅप’चा मोठाच गुण आहे, कारण मूळ आणि नक्कल हे दोन्ही त्याने न मागता हाती ठेवले; पण विद्यार्थ्यास येथेच थांबवून ‘आता दोन्ही जपून ठेव’ असे सांगावयाचे, ते न सांगता नवा अ‍ॅरे जुन्याच्याच नावावर चढविण्यास शिकविले जाते. पीएचपीत अ‍ॅरेच्या किल्ल्यांची, म्हणजे ज्या नावाने मूल्य शोधावयाचे त्या नावांची, अक्षरे बदलणारे एक तयार फंक्शन आहे. ‘पारोळा’ हे नाव एकदा केवळ आद्याक्षर मोठे ठेवून आणि एकदा सर्वच मोठ्या अक्षरांत अशा दोन किल्ल्यांनी नोंदविले असेल, तर रूपांतरानंतर दोन्ही एक होतात, नंतरची नोंद आधीच्या नोंदीवर बसते आणि आधीचे मूल्य निःशब्दपणे नाहीसे होते. ज्यास ‘दुबार नोंद नाहीशी होणे’ म्हणतात ती हीच गोष्ट. पण नाहीशी झालेली नोंद दुबार होती की दुसऱ्या माणसाची होती, याची चौकशी कोणी केली?

दुबार नोंदींचा खरा रोग अक्षरांच्या आकारात नाही, स्पेलिंगात आहे. आपल्याकडील ‘चौधरी’ हे आडनाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारांनी लिहिलेले सहज आढळते. ‘पाटील’मध्ये एक ‘आय’ की दोन ‘ई’, याचा निर्णय अर्ज भरणाऱ्याच्या मर्जीवर असतो. ‘पारोळा’च्या रोमन लेखनात तर शेवटचा वर्ण ‘ला’ आहे की ‘ळा’ हे परक्यास कळावयास मार्गच नाही. मोठ्या अक्षरांनी यांतील काहीच सुधारत नाही. उलट यादी वरवर एकसारखी दिसू लागल्यामुळे ती तपासली गेली आहे असा समज होतो आणि खरी रुजवात राहून जाते.

येथे लिपींच्या इतिहासाचा आधारही दिला जातो. नागरीस, मोडीस, तमिळला मोठी-लहान अक्षरे नाहीत, तरी त्यांचे काही अडत नाही. मग रोमनमधील हा भेद अनावश्यकच नव्हे काय, असे विचारतात. प्रत्येक लिपी काही भेद जपते आणि काही सोडते. १७२७ च्या सुमारास हरि सदाशिव दामोदर यांनी पारोळ्याचा भुईकोट बांधला, त्या काळी सर्व लिखापढी मोडीत चाले, आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा पाळला जात नसे. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही भाषा जाणत असल्यामुळे ते निभावून जाई. तरीही आज मोडी कागदाचे लिप्यंतर करणाऱ्या अभ्यासकास अपरिचित व्यक्तिनामापाशी अडखळावे लागते, कारण लिहिताना सुटलेला भेद कागदात नाही आणि सांगणारा माणूस हयात नाही. संगणक तर भाषा जाणतच नाही. त्याच्यापाशी जेवढे लिहून ठेवले तेवढेच असते. म्हणून नोंदणाऱ्याने जो भेद केला तो पुसण्याचा अधिकार त्यास देणे उचित नव्हे.

सरकारी अर्जांवर मोठ्या अक्षरांची मागणी असते, ती हस्ताक्षरासाठी. चौकोनात हाताने लिहिताना लहान ‘ए’ आणि ‘ओ’, ‘एन’ आणि ‘यू’ एकमेकांत मिसळतात, वाचणाऱ्या कारकुनास ओळखू येत नाहीत, म्हणून कागदापुरती ही शिस्त घातली गेली. कळफलकावरून टाइप केलेल्या अक्षराबाबत ती अडचणच उरत नाही. आणि सरकारी दप्तराचाच दाखला घ्यावयाचा, तर महसूल खात्याचा घ्यावा : सातबाऱ्यावर खातेदार बदलला, की जुने नाव खोडून नाहीसे करीत नसत, त्यास कंस करीत, नवे नाव फेरफाराच्या क्रमांकानिशी लिहीत, आणि कंसातले नाव पन्नास वर्षांनीही वाचता येते. तलाठ्यास जे कळत होते ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास कळू नये असे नाही.

मग करावे काय, असे आमचे अध्यापक मित्र विचारतील, आणि तो प्रश्न न्याय्य आहे. जगातील जाणत्या रचनाकारांनी त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. विंडोजची एनटीएफएस ही फायलींची व्यवस्था नाव जसे दिले तसेच जपते आणि शोधताना मात्र मोठे-लहान हा भेद सोडून देते. इंटरनेटवरील डोमेन नावांच्या १९८७ च्या मानकातही तुलना भेदरहित आणि जतन यथामूल असाच दंडक आहे. पायथनच्या ३.३ या आवृत्तीत ‘केसफोल्ड’ या नावाचे खास तुलनेसाठीच केलेले साधन आले. ते जर्मनमधील त्या विशिष्ट ‘एस’चे दोन ‘एस’ करते, ग्रीक ‘सिग्मा’ची दोन्ही लहान रूपे एक करते, आणि त्याचे फलित कोणास दाखविण्यासाठी नसतेच, केवळ ताडून पाहण्यासाठी असते. मायएसक्यूएलमध्ये ‘सीआय’ या अक्षरांनी संपणारे कोलेशन निवडले, की साठविलेले नाव न बदलता शोध भेदरहित होतो. पोस्टग्रेसमध्ये नावाच्या लहान रूपावर निर्देशांक बांधता येतो. अ‍ॅरेपुरते बोलावयाचे तर प्रत्येक घटकात एकटे नाव न ठेवता नाव आणि ताडणीचे रूप अशी जोडी ठेवावी. क्रमवारी आणि शोध दुसऱ्यावर चालवावा, छापावे पहिले. एवढेच शिकवावयाचे आहे, आणि ते नवशिक्यासही एका तासात समजते.

यास जागा दुप्पट लागते, हा शेवटचा आक्षेप. एक लाख सभासदांची नावे, प्रत्येकी तीस अक्षरांची धरली, तरी रोमन लिपीत ती सुमारे ३० लाख बाइट होतात, म्हणजे तीन मेगाबाइट. नागरीत तिप्पट धरा. खिशातल्या मोबाईलमधील एका छायाचित्राइतकी ही जागा आहे. ज्या याद्या आजवर या नियमाने बदलून गेल्या आहेत त्यांच्यासाठी मात्र जागेचा हिशेब निरुपयोगी आहे. त्या परत आणण्यास कोणतीही ओळ पुरणार नाही. त्यांच्या मूळ अर्जांचे गठ्ठे ज्या कपाटांत असतील ती उघडून, एकेक नाव अर्जावरून वाचून, पुन्हा भरून घ्यावे लागेल, आणि अर्ज रद्दीत जाण्यापूर्वी ते काम हाती घेतले पाहिजे.